पोलिओ परत आलेला नाही, पण बाबांचा ‘चांगला’ पाय आता का थकतोय

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतरांनाही उत्तराचा धागा लागेल. बाबा आता सत्तेचाळीस वर्षांचे. दीड वर्षाचे असताना पावसाळ्यात ताप आला, गावात येणाऱ्या डॉक्टरनं कुल्ल्यावर सुई दिली आणि दोन दिवसांत उजवा पाय लुळा पडला. तेव्हापासून उजव्या मांडीवर हात टेकवत चालतात. तसंच चालत त्यांनी वावर केलं, घर उभं केलं. गेल्या दोन वर्षांपासून मात्र डावा, म्हणजे चांगला पाय भरून येतो, पायऱ्या चढवत नाहीत, दुपार होईस्तोवर अंगातलं त्राण जातं. गावात म्हणतात, पोलिओ उलटला. म्हणून तुमच्या आठ महिन्यांच्या मुलीला आजोबांपासून लांब ठेवलंय. बाबांना आता डोस पाजता येईल का, असं तुम्ही विचारता. आणि आजी आजही म्हणतात की सुईनंच पाय गेला, ते खरं का.

पहिलं उत्तर लगेच देते, कारण त्यात रोजचं दुःख आहे. नातीला आजोबांच्या मांडीवर द्या, आजच. बाबांच्या शरीरात पोलिओचा विषाणू नाही, गेली पंचेचाळीस वर्षं नाही. त्यांच्यापासून कुणालाही पोलिओ होणार नाही.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी डॉक्टरकी करते. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते, नंतर पुनर्वसनाचं काम शिकून घेतलं. लहानपणी पोलिओ झालेली आणि आता चाळिशी-पन्नाशीत आलेली माणसं माझ्याकडे नेमानं येतात, आणि त्यांची तक्रार बहुतेक वेळा तुमच्या बाबांसारखीच असते. तरीही बाबांना मी तपासलेलं नाही. पुढे जे लिहिते त्यातलं विषाणूबद्दलचं सगळं ठाम आहे. बाबांच्या अशक्तपणाचं कारण मात्र तपासल्यावरच ठरेल, कारण तसाच अशक्तपणा आणणारे चार-पाच आजार आपल्या भागात घरोघरी आहेत. त्यांच्याकडे पुढे येते.

आता मूळ गोष्ट. पोलिओचा विषाणू म्हणजे प्रथिनांचं एक कवच आणि त्यात साडेसात हजारांच्या आसपास अक्षरांचा आरएनएचा एक धागा, म्हणजे विषाणूची स्वतःच्या प्रती काढायची कृती. आकार इतका लहान की एका मिलिमीटरमध्ये असे तीसेक हजार ओळीनं बसतील. त्याला बाहेरून चरबीचं आवरण नसतं. म्हणून जठरातल्या आम्लात तो मरत नाही, सॅनिटायझरलाही सहजी दाद देत नाही. उकळलेलं पाणी आणि क्लोरीन यांपुढे मात्र त्याचा टिकाव लागत नाही. तो माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि पाणी, हात, अन्न यांच्यातून दुसऱ्याच्या तोंडात जातो. त्याचे तीन प्रकार आहेत, एक, दोन आणि तीन. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून वाचवत नाही.

पेशीत शिरायला त्याला एक ठरावीक दार लागतं. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी १५५ नावाचं प्रथिन असतं, त्याला तो चिकटतो. हे दार माणसात आणि काही माकडांत आहे. गाय, बैल, कुत्रा, कोंबडी यांच्यात नाही. म्हणजे जनावरांत या विषाणूला लपायला जागा नाही, आणि म्हणूनच तो जगातून संपवता येईल असं ठरवून माणसं कामाला लागली.

तोंडातून गेलेला विषाणू घशात आणि आतड्याच्या आतल्या बाजूच्या लसिका ऊतींत वाढतो. एका पेशीत शिरला की सहा-आठ तासांत त्याच्या हजारो प्रती तयार होतात, पेशी फुटते आणि त्या प्रती शेजारच्या पेशींत शिरतात. तिथून काही रक्तात उतरतात. बहुतेक लेकरांत गोष्ट इथेच संपते. लागण झालेल्या शंभरातल्या सत्तरेक मुलांना काहीच जाणवत नाही. पाव भाग मुलांना दोन-चार दिवस ताप, घसादुखी, उलटी होते आणि ती बरी होतात. थोड्यांना मान आखडणं, पाठ दुखणं इथवर जातं. लकवा होतो तो दोनशे जणांत एखाद्यालाच. बाबांचा पाय गेला त्या पावसाळ्यात तुमच्या गावातल्या कितीतरी लेकरांच्या आतड्यात हाच विषाणू होता आणि कुणालाच ते कळलं नाही. एकाच घरात दोघं भाऊ, एकालाच का झाला, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. लागण बहुधा दोघांनाही झालेली असते. एकाच्या मज्जारज्जूपर्यंत, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या नसांच्या जाड दोरीपर्यंत, विषाणू पोचला, दुसऱ्याच्या नाही. आईच्या हातून काही चुकलं म्हणून ते झालेलं नसतं.

पोलिओ उलटतो असं लोकांना वाटणं मी समजू शकते. कांजिण्यांचा विषाणू खरोखरच नसांच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन बाहेर येतो. लोकांनी हे पाहिलेलं आहे. पोलिओचा विषाणू तसा मुक्काम करत नाही. घशातून तो एक-दोन आठवड्यांत जातो, विष्ठेतून काही आठवडे पडत राहतो, आणि मग शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे त्याच्याविरुद्ध लढणारी रक्तातली प्रथिनं, त्याला संपवतात. ज्यांच्यात जन्मतःच प्रतिपिंडं तयार होत नाहीत अशा मोजक्या माणसांत तो वर्षानुवर्षं राहिल्याची उदाहरणं आहेत. पण तसा आजार असता तर बाबा लहानपणापासून सतत न्यूमोनिया, जुलाब यांनी बेजार असते. तुम्ही लिहिलंय की ते सहसा आजारीच पडत नाहीत.

मज्जारज्जूत पोचलेला विषाणू तिथल्या सगळ्याच पेशींना धरत नाही. पुढच्या भागात काही मोठ्या चेतापेशी असतात, ज्यांच्या हुकमानं स्नायू हलतात. तो नेमका त्यांना गाठतो. स्पर्श, वेदना, गरम-थंड कळवणाऱ्या नसा तो सोडून देतो. त्यामुळे पोलिओचा लकवा ओळखता येतो. तापात सुरू होतो, दोन-चार दिवसांत वाढून थांबतो. बहुधा एका बाजूला जास्त, हातापेक्षा पायाला जास्त, आणि पंजापेक्षा मांडीला जास्त होतो. पाय ढिला पडतो, गुडघ्यावर हातोडी मारली तर उसळत नाही. पण चिमटा काढला तर लेकरू रडतं. बाबांना विचारा, उजव्या पायाला काटा टोचलेला कळतो का. कळत असेल, आणि पायाची वाढ खुंटून तो डाव्यापेक्षा आखूड-बारीक राहिला असेल, तर त्या वेळचं निदान पोलिओचं असण्याचीच शक्यता जास्त.

इथे आजींच्या म्हणण्याकडे येते, कारण त्यांनी ही गोष्ट इतकी वर्षं मनात धरून ठेवली आहे. त्यांचं निरीक्षण चुकीचं नाही. सुईनं पोलिओ झाला नाही, विषाणू आधीच अंगात होता आणि ताप त्याचाच होता. पण तापातल्या त्या दिवसांत स्नायूत सुई टोचली गेली तर त्याच पायाला लकवा होण्याचा, किंवा व्हायचाच असेल तर जास्त जोरानं होण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. १९५०च्या सुमारास इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की घटसर्प-डांग्या खोकल्याच्या लसी टोचल्यावर काही आठवड्यांत ज्या मुलांना पोलिओ झाला, त्यांच्यात ज्या हाता-पायाला सुई दिली तोच अवयव जास्त वेळा गेला. टॉन्सिल काढल्यावर गिळण्या-श्वासाच्या नसांचा पोलिओ जास्त दिसायचा. पुढे १९९८ साली उंदरांवरच्या प्रयोगांत त्याचं कारणही दिसलं. स्नायूला इजा झाली की त्या स्नायूच्या नसेतून मज्जारज्जूकडे होणारी उलट वाहतूक वाढते, आणि रक्तातून स्नायूत आलेला विषाणू तिच्याबरोबर वर चढतो.

आपल्याकडे त्या काळात तापाला सुई हाच इलाज होता. सुई न देणारा डॉक्टर लोकांना कच्चा वाटायचा. भारतातल्या पोलिओच्या किती तरी मुलांच्या कहाणीत ‘ताप आला, सुई दिली, पाय गेला’ हाच क्रम सापडतो. तेव्हा आजींना एवढं नक्की सांगा: लेकराला दवाखान्यात नेलं ते बरोबरच केलं. त्या तापाच्या मागे पोलिओ आहे हे ओळखणं त्या दिवशी कुणालाच शक्य नव्हतं, आणि सुई दिली नसती तरी पाय वाचलाच असता असं कुणीही सांगू शकत नाही. माझ्यासमोर अशा आज्या-माया रडल्या आहेत. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे ओझं वागवलेलं असतं.

एक फरक सांगून पुढे जाते. कुल्ल्यावर चुकीच्या जागी दिलेली सुई थेट मोठ्या नसेला लागूनही पाय जातो. तो प्रकार वेगळा. त्यात सुई टोचल्याबरोबर कळ मारते, लकवा तापाची वाट बघत नाही, पंजा खाली लोंबतो, आणि पोटरी-पावलाची संवेदनाही कमी होते. बाबांची मांडी कमजोर आहे, म्हणूनच गुडघा मुडपू नये यासाठी त्यांना हातानं रेटा द्यावा लागतो. ही खूण पोलिओकडे जास्त बोट दाखवते.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. विषाणू गेला, मग पंचेचाळीस वर्षांनी पाय का थकतोय? आणि तोही चांगला?

मेलेल्या चेतापेशी परत उगवत नाहीत. पण मुलांचे लुळे पाय पुढच्या महिन्यांत थोडेफार सुधारतात, ते कसे? तर वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडतात आणि बेवारस झालेल्या स्नायूतंतूंना आपल्या ताब्यात घेतात. वेचणीला दहा बाया ठरल्या आणि चारच आल्या, तर त्या चौघी दहा जणींच्या ओळी धरतात, तसं. वावर वेचून होतं, बांधावरून बघणाऱ्याला काही फरक दिसत नाही, पण एकेकीवर अडीच-अडीच जणींचं काम असतं. पोलिओत तर एकेक चेतापेशी नेहमीच्या पाच ते आठपट तंतू सांभाळताना आढळलेली आहे.

ही व्यवस्था वीस-तीस-चाळीस वर्षं चालते. मग त्या जादा फाट्यांची देखभाल पेशीला झेपेनाशी होते आणि टोकाकडून एकेक फाटा गळू लागतो. जे तंतू एकदा वाचले होते ते पुन्हा बेवारस होतात. यालाच पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. मूळ आजारानंतर साधारण पंधरा ते चाळीस वर्षांनी तो दिसतो, आणि लहानपणी पोलिओचा लकवा झालेल्यांपैकी पंचवीस ते चाळीस टक्क्यांना होतो असा अंदाज आहे. संसर्गाशी त्याचा काही संबंध नाही. नवा अशक्तपणा, लवकर थकणं, सांधे-स्नायू दुखणं, थंडी सहन न होणं ही त्याची लक्षणं. पौष-माघात पोलिओचा पाय निळसर, बर्फासारखा गार पडतो आणि त्या दिवसांत तो आणखीच ऐकत नाही, हे बाबांनाही जाणवत असेल.

आणि चांगला पाय? तो पूर्ण चांगला बहुधा कधीच नव्हता. मज्जारज्जूतला पोलिओचा हल्ला बाहेरून दिसतो त्यापेक्षा बराच पसरलेला असतो. एखाद्या स्नायूच्या निम्म्यापर्यंत चेतापेशी गेल्या तरी वाचलेल्या पेशी काम सावरून घेतात आणि तपासणीत ताकद पूर्ण लागते. म्हणजे उजव्या पायात नुकसान दिसण्याइतकं झालं, डाव्यात न दिसण्याइतकं. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं त्या डाव्या पायानं दोघांचं वजन वाहिलं. डवरणी, फवारणीचा पंप पाठीवर, पोती उचलणं, वर्षानुवर्षं. माझ्या कामात मी हेच पुन्हा पुन्हा पाहते की सगळ्यात जिद्दीनं कष्ट केलेल्या माणसाचाच ‘चांगला’ पाय आधी तक्रार करतो. ज्यांनी लहानपणी कुबडी आणि कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा आधाराचा सांगाडा, फेकून दिलं आणि कुणाच्या आधाराशिवाय उभे राहिले, त्यांना पन्नाशीत परत काठी घ्या म्हणणं फार जड जातं. मी ते हलकं समजत नाही.

पण पोस्ट पोलिओ हे नाव देण्याआधी बाकीचं सगळं तपासावं लागतं. त्याची एकच अशी रक्ताची चाचणी नाही. दुसरी कारणं वगळल्यावर हे निदान उरतं. मी पाहते ते असं. साखर, थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तेव्हा ते कधी तपासलं नसेल तर तेही. मग कंबर. मांडीवर हात टेकून वाकून चालणाऱ्या माणसाच्या पाठीचे मणके लवकर झिजतात. तिथे नस दबली तर पायात मुंग्या येतात, बधिरपणा येतो, चालताना पोटऱ्या भरून येतात आणि बसलं की मोकळं वाटतं. पोस्ट पोलिओत बधिरपणा येत नाही. आला तर आधी कंबर बघायची. डाव्या गुडघ्याची झीज वेगळी तपासायची, कारण दुखऱ्या गुडघ्यामुळेही मांडी बारीक होते.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण विचारायलाच हवी: बाबा स्वतः फवारणी करतात का? काही कीटकनाशकांच्या विषबाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनी पायाच्या नसा कमजोर होतात. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या कितीतरी शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, काहींचे जीव गेले, ते सगळ्यांना आठवतं. कमजोरी एखाद्या हंगामात फवारणीनंतर सुरू झाली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि काहीही निदान झालं तरी पाठीवरचा पंप आता दुसऱ्या कुणाच्या पाठीवर जाऊ द्या.

तपासणीसाठी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ पडेल तिथे जा. मेडिसिनच्या ओपीडीत जाऊन ‘लहानपणी पोलिओ झाला होता आणि आता दुसरा पाय कमजोर होतोय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी पोलिओचा रुग्ण पाहिलेलाच नसतो, त्यांना ते सुचणार नाही. गरज वाटली तर ते ईएमजी करतील. सुईनं स्नायूतली वीज मोजतात, थोडं दुखतं, पण जुन्या पोलिओच्या खुणा ‘चांगल्या’ पायातही आहेत का ते त्यात दिसतं. ओपीडीपर्यंत थांबू नये अशीही लक्षणं आहेत. कमजोरी दिवसांत झपाट्यानं वाढणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, आडवं झाल्यावर दम लागणं, सकाळी डोकं जड असणं, घास अडकणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी निघा.

समजा, तपासून पोस्ट पोलिओच निघाला. तर औषध काय? ही प्रक्रिया उलटवणारं कोणतंही औषध आजवर सिद्ध झालेलं नाही. ताकदीच्या सुया, सलाईन, महागडे टॉनिक यांवर पैसे घालवू नका. कुणी पाठीत किंवा पायात सुया देऊन पाय उभा करतो म्हणालं, तर तिथून उठून या. पण करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते केलेली माणसं वर्षानुवर्षं आपल्या पायांवर राहतात. हा आजार सहसा फार हळू सरकतो.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि पटवायला सगळ्यात अवघड: थकण्याच्या आधी थांबायचं. ‘पाय कमजोर झाला म्हणजे जास्त चालून मजबूत करू’ हा विचार इतर आजारांत बरोबर असेल, इथे तो उलटा पडतो. जी पेशी आधीच पाचपट काम करते आहे तिला आणखी जुंपलं तर ती लवकर सोडते. माझा नियम साधा आहे. आज केलेल्या कामानं उद्या सकाळी पाय जास्त कमजोर किंवा दुखरा वाटला, तर काल जास्त झालं. तेवढं कमी करायचं. कष्टाचं काम सकाळी, मध्ये मध्ये बसून, दुपारी आडवं होणं ठरलेलं. वावरात सारखं उभं राहण्याऐवजी स्टुलावर बसून जमेल ते. गाठोडी, घागरी उचलणं बंद. याचा अर्थ खाटेला खिळून राहणं असाही नव्हे. महिनाभर पडून राहिलेल्या पोलिओच्या पायाची ताकद परत मिळवणं फार कठीण जातं. फिजिओथेरपिस्ट कोणत्या स्नायूत किती ताकद उरली ते मोजून, दमणार नाही इतका हलका व्यायाम ठरवून देतो. जोरजोरात तेल चोळणाऱ्याकडे नेऊ नका. त्या पायाचं हाड ठिसूळ असतं, मोडलं तर जुळायला वेळ लागतो.

दुसरं म्हणजे उजव्या पायाला कॅलिपर. तुम्ही म्हणाल, दुखणं डाव्याचं आणि कॅलिपर उजव्याला कशाला? कारण उजवा गुडघा स्वतः टिकू लागला की डाव्यावरचा भार कमी होतो, मांडीवर टेकणारा हात मोकळा होतो आणि कंबरही सरळ होते. आता हलक्या प्लास्टिकचे कॅलिपर मिळतात. बाबांनी लहानपणी पाहिलेले ते लोखंडी बूट डोळ्यांसमोर आणू नका. उजवा पाय आखूड असेल तर बुटाला उंची लागेल. काठी कोणत्या हातात, हे दोन्ही पाय बघून ठरवावं लागतं. अंदाजानं घेऊ नका. संडासात उकिडवं बसणं हे रोजचं सगळ्यात जड काम असतं. तिथे कमोडची खुर्ची आणि भिंतीला धरायला एक पाइप लावा. घरात सगळ्यात आधी एवढं एक काम करा असं मी सांगते. बाबांचं पडणं यानंच सगळ्यात जास्त टळेल.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ते जुन्या उजव्या पायावर दिलेलं असणार. नवी कमजोरी तपासणीत नोंदली गेली की फेरतपासणी मागता येते. केंद्र सरकारच्या योजनेतून कॅलिपर, तीनचाकी, कुबडी मिळतात, त्यासाठी युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

बाबांना डोस? नको. लस विषाणूला शरीरात पाय रोवू देत नाही, एवढंच तिचं काम. मेलेली चेतापेशी ती जिवंत करत नाही, थकलेलीला बळ देत नाही.

मुलीला मात्र प्रत्येक डोस, एकही न चुकवता. बाबांच्या लहानपणी खेड्यात हे मिळतच नव्हतं. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आपल्याकडे १९८५ साली आला आणि पल्स पोलिओ १९९५ साली. तुमच्या मुलीचे जन्माचा, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचा थेंबांचा डोस, आणि सहा व चौदा आठवड्यांची दंडावरची छोटी सुई झालेली असेल. पुढच्या महिन्यात, नऊ महिने पूर्ण झाल्यावर, त्या सुईचा तिसरा डोस आहे. तो जानेवारी २०२३ पासून वेळापत्रकात आलाय, त्यामुळे मोठ्या भावंडांच्या कार्डावर दिसणार नाही. मग सोळा ते चोवीस महिन्यांत थेंबांचा बूस्टर. दोन्ही का लागतात? थेंब आतड्यात प्रतिकारशक्ती तयार करतात, म्हणजे विषाणू तिथे वाढतच नाही आणि दुसऱ्याकडे जात नाही. सुई रक्तात प्रतिपिंडं तयार करते, म्हणजे विषाणू नसांपर्यंत पोचत नाही. थेंबांतला विषाणू जिवंत पण कमकुवत केलेला असतो. लाखो डोसांत एखाद्या वेळी त्यानंही लकवा होऊ शकतो, हे मी पालकांपासून लपवत नाही. त्यावरचा उपाय म्हणूनच सुईची जोड दिली गेली, आणि एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून दुसरा प्रकार काढून टाकला गेला.

भारतात तर पोलिओ संपला, मग कशाला, असं तुमच्या शेजाऱ्यांनी म्हटलंय. देशातला शेवटचा जंगली पोलिओचा, म्हणजे लसीतून न आलेल्या मूळ विषाणूचा, रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची एक मुलगी, आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. जंगली विषाणूचा दुसरा आणि तिसरा प्रकार जगातूनच संपल्याचं २०१५ आणि २०१९ मध्ये जाहीर झालं. पण पहिला प्रकार पाकिस्तान-अफगाणिस्तानात अजून फिरतो आहे. आणि जिथे लसीकरण ढिलं पडतं तिथे थेंबांतला कमकुवत विषाणूही एकाकडून दुसऱ्याकडे फिरत फिरत पुन्हा ताकदवान होऊ शकतो. २०२२ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात, लस न घेतलेल्या एका तरुणाचे पाय अशाच विषाणूनं गेले. संडास-पाण्याची व्यवस्था तिथे आपल्याहून किती तरी चांगली आहे.

यवतमाळमध्ये ३१ जानेवारी २०२१ ला बारा लेकरांना डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. तेव्हापासून काही आयांच्या मनात भीती बसली, ती मी रोज ऐकते. घाबरू नका, पण बघून घ्या, तो तुमचा हक्क आहे. थेंबांच्या कुपीवर एक जांभळट वर्तुळ आणि त्यात एक चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर डोस चांगला. चौकोन वर्तुळाइतकाच किंवा जास्त गडद झाला असेल तर तो उष्णतेनं खराब झालाय. नर्सबाईंना ‘कुपी दाखवा’ म्हणा. कुठलीही चांगली नर्स आनंदानं दाखवते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर बघाच. आणि गावातल्या पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही लेकराचा हात किंवा पाय अचानक ढिला पडला, तर कारण काहीही असो, आशाताईंना त्याच दिवशी कळवा. चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. मी आरोग्य केंद्रात असताना पाठवलेल्या नमुन्यांमागची कारणं दुसरीच निघायची, पण पोलिओ नाही हे म्हणता येतं ते याच नमुन्यांच्या जोरावर.

शेवटची एक सूचना, जी दवाखान्यात कुणी आपणहून विचारत नाही. बाबांचं कधी कुठलंही ऑपरेशन ठरलं, हर्नियाचं असो की मोतीबिंदूचं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी पोलिओचं सांगा. अशा माणसांना गुंगीची आणि स्नायू सैल करणारी औषधं नेहमीच्या मानानं जास्त चढू शकतात, शुद्धीवर यायला आणि श्वास पूर्ववत व्हायला वेळ लागतो. भूल देणाऱ्याला आधी माहीत असलं की तो मात्रा बेतानं देतो. बाबांच्या आधार कार्डाच्या पाकिटात एक चिठ्ठी लिहून ठेवा: लहानपणी पोलिओ, उजवा पाय, आता डावाही कमजोर. तपासण्या झाल्या की रिपोर्ट इथे लिहा, त्यावरून व्यायाम आणि कॅलिपरबद्दल नेमकं सांगता येईल.